बाटलेली नणंद

मला पहिल्यांदा बाटगी म्हणाला तो माझा सख्खा भाऊ. भांडताना नाही, जेवताना. वडगाव रासाईच्या घरी आम्ही सगळे ताटावर बसलो होतो. "बाटगीला येगळ्या ताटात वाढा," असं तो वहिनीला म्हणाला आणि हसला. वहिनीही हसली. आई हसली नाही, पण तिनं फडताळातली जुनी जर्मनची ताटली काढली आणि माझ्यापुढं सरकवली. भावाची चेष्टा होती, आईची नव्हती. मी हात धुतले आणि उठले. नदीच्या कडेनं चालत रस्त्याला लागले आणि मिळाली त्या गाडीनं दौंडला परत आले.

मी बाटले कशी, हे लोकांना नीट माहीत नाही, पण सांगतात मात्र सगळे. कुणी म्हणायचं नोकरीसाठी, कुणी म्हणायचं सिस्टरांनी पाण्यात काहीतरी घालून पाजलं. नोकरी मला आधीच लागली होती. लग्न होऊन तीन वर्षं झाली असतील नसतील, तर नवरा नगर रस्त्यावर ट्रकखाली गेला. सासरच्यांनी दिवस उरकले आणि मला भावाच्या दारात आणून सोडलं. माझं डीएड झालेलं होतं. दौंडला सिस्टरांची शाळा होती, तिथं मराठीच्या बाईंची जागा निघाली, मी अर्ज केला, मला घेतलं. देवाचं नावही कुणी काढलं नाही.

घरी सुट्टीला गेले की संक्रांतीच्या दिवसांत बायका हळदीकुंकवाला घरात यायच्या. वहिनी मला हळूच म्हणायची, "वन्सं, जरा आतल्या खोलीत बसता का." मी आत बसायचे आणि बाहेरची हसणी ऐकायचे. ह्याच बायका शेताच्या बांधावर माझ्या बरोबरीनं वाढलेल्या. दौंडला एका रविवारी सिस्टरांबरोबर सहज चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला गेले, तर रेल्वेतल्या गार्डाची म्हातारी विधवा फुलाफुलांचा झगा घालून सगळ्यांच्या पुढं उभी राहून बायबलचं वाचन करत होती. तिला कुणी आत बसवलं नव्हतं. मला त्या दिवशी दुसरं काही कळलं नाही. पुढं बरंच कळलं, त्यासाठी दोन वर्षं शिकले, आणि एका ईस्टरला डोक्यावर पाणी घेतलं. पण सुरुवात त्या म्हातारीपासून झाली.

तिथंही सगळं गोड होतं असं कुणी समजू नये. दौंडचे जुने ख्रिस्ती म्हणजे रेल्वेवाले. पुढचे बाक त्यांचे, इंग्रजी त्यांचं, नाताळचा नाच त्यांचा. मी कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उभी राहिले की मागून कुजबुज व्हायची, ही ती नवीन. बाप्तिस्म्याला पाच वर्षं झाली तरी मी नवीनच. मिस्सेत अर्धे लोक घड्याळ बघायचे. ज्या गोष्टीसाठी मी आईचं घर सोडलं, ती त्यांना आजोबांच्या जुन्या कपाटासारखी फुकट मिळाली होती, आणि त्यात काय आहे हे उघडून बघायची त्यांना गरज वाटत नव्हती. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो.

पण खरा राग माझ्या माणसांचा होता.

वडील गेल्यावर भावानं नदीकाठचा एक तुकडा विकला, सणसवाडीत कंपन्यांच्या मागं जागा घेतली आणि खोल्या बांधल्या. एका रांगेत पत्र्याच्या खोल्या, शेवटी दोन संडास. त्यात कुठून कुठून आलेली कामगार पोरं राहायची. भाऊ त्यांच्याशी हिंदी बोलायचा, "ए भैया, पानी जादा मत गिराव," आणि त्यांनी शेठ म्हटलं की त्याची मान जरा मागं जायची. खोल्यांच्या पुढं त्यानं स्वतःसाठी स्लॅबचं घर बांधलं. आईला घेऊन सगळे तिकडं राहायला गेले. शेत वाट्यानं दिलं.

त्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिवसाढवळ्या खिडक्या लावून सगळे टीव्ही बघत होते. टीव्हीतल्या बायका भरजरी साड्या नेसून एकमेकींना विष घालायच्या बेतात होत्या आणि आई, जिनं आयुष्यभर शेण सारवलं, ती त्यातल्या एकीची बाजू घेऊन बोलत होती. मी आल्याचं कुणाला कळलं नाही. जाहिरात लागली तेव्हा कळलं.

थोरली भाची पाच वर्षांची झाली तेव्हा केक आणला. आमच्या घराण्यात वाढदिवस कुणाला ठाऊक नव्हता. केकवर मेणबत्त्या लावल्या, पोरीनं फुंकल्या, सगळ्यांनी इंग्रजीत गाणं म्हटलं आणि भाऊ टाळ्या वाजवत होता. मेणबत्ती मी लावली की बाटगी आणि त्यांनी फुंकली की मॉडर्न, एवढाच आमच्यात फरक होता. मी हे तिथंच बोलून दाखवलं. वहिनीनं केकचा तुकडा कागदी बशीतून दिला. त्या घरात आता सगळ्यांनाच कागदी बशा होत्या, त्यामुळं माझी वेगळी ठेवायचा प्रश्न मिटला होता.

भावाला दोन मुली. थोरली शांत, धाकटी बोलकी. दोघी माझ्या लाडक्या, आणि आत्या कोणत्या देवाची हे त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

धाकटी शाळेत जायला लागली त्या वर्षीची गोष्ट. शाळेला सुट्टी होती. भाऊ दुपारी जीप घेऊन दौंडला माझ्या दारात आला. बरोबर वहिनी. ह्या घरात तो त्याआधी कधी आला नव्हता. भिंतीवरच्या क्रुसाकडं पाठ करून बसला.

"हिला चार दिस तुझ्याकडं ठिव," तो म्हणाला. "दवाखान्याचं काम हाय."

"काय झालंय?"

"बायकांचं हाय. ती सांगंल."

चहा न पिता गेला. मला खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. वाटलं, अडचणीला का होईना, आपली आठवण झाली. मी वहिनीला पलंग दिला, पिठलं-भाकरी केली. तिला दिवस गेलेत हे तिच्या चालण्यावरून कळतच होतं. झोपायच्या आधी मी दूध तापवून नेलं.

"दूध नगं, वन्सं. उद्या उपाशी जायाचंय."

"कुठं?"

"बाजाराच्या पलीकडं दवाखाना हाय त्यो. साफ करायचंय."

मी दुधाचा पेला खाली ठेवला. विचारलं, का. ती म्हणाली, तपासून झालंय. कुठं तरी लांब नेलं होतं तिला, मशीनवर. भिंतीवर पाटी होती म्हणे, इथं गर्भलिंग तपासणी होत नाही, कायद्यानं गुन्हा आहे. त्या पाटीखालच्याच खुर्चीत भाऊ बसला होता. डॉक्टरनं तोंडानं काही सांगितलं नाही. फक्त भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, एवढ्यात पेढे आणू नका.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय?"

"पोटात तुमच्या आहे."

वहिनी उठून बसली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "वन्सं, तुमाला बोलाया काय जातंय. तुमाला ना नवरा, ना पोर. तिसरी पोरगी काढून मी त्या घरात कशी राहू? सासूबाई रोज तोंड बघत्यात माझं. ह्ये म्हणत्यात, दुसरी आणीन. आणत्याल बी. तवा तुमचा देव यिल का मला भाकरी घालाया?"

"तुम्ही इथं राहा," मी म्हणाले. "बाळंतपण इथं करा. पोरगी मला द्या. मी वाढवते. तुमच्या दारात आणणार नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती खरंच विचार करत होती असं मला वाटलं. मग म्हणाली, "बाटवून?"

म्हणजे पोरगी मारलेली चालेल, माझ्याकडं वाढलेली चालणार नाही. हे तिनं वाईटपणानं म्हटलं नव्हतं. तिला ते उघडच वाटत होतं.

सकाळी भाऊ आला तेव्हा मी फाटकाला कुलूप लावून आत उभी होते. त्याला सांगितलं, माझ्या घरातून हे काम होणार नाही. ती राहिली तर बाळंतपणाला राहील.

"उघड," तो म्हणाला.

"नाही उघडणार."

"अगं, माझी बायको हाय ती."

"पोटातली पण तुझीच आहे."

शेजारचे रेल्वेवाले व्हरांड्यात येऊन उभे राहिले. फुलांच्या झग्याची ती म्हातारीही होती. मला वाटलं, आता कुणीतरी पुढं येईल. एवढ्या वर्षांच्या रोझऱ्या, उपवास, गुड फ्रायडेचे क्रूस, ह्यातून कुणाला तरी दोन शब्द सुचतील. एक जण आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. म्हातारी फाटकाजवळ येऊन मला हळूच म्हणाली, "बेटी, फॅमिली मॅटर है. खोल दो."

"मी पोलिसात जाईन, दादा," मी म्हणाले.

"जा की. फौजदाराला बी दोनच हायती, दोन्ही पोरगे. त्याला इचार कसे झाले."

हे होईतो वहिनी पिशवी घेऊन मागून आली आणि म्हणाली, "वन्सं, किल्ली द्या." त्याच्या ओरडण्यापुढं मी टिकले असते. तिच्या शांत आवाजापुढं टिकले नाही. कुलूप काढलं. जीपमध्ये बसताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी पोलीस चौकीवर गेले. कागद पुढं ओढण्याआधी हवालदारानं माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडं बघितलं, नाव विचारलं, आडनाव ऐकून परत क्रुसाकडं बघितलं. "ह्ये कसं काय?" म्हणाला. त्याला गुन्ह्यापेक्षा माझ्या धर्मातच जास्त गोडी होती. पुढं म्हणाला, बाईची तक्रार आहे का? नाही. मग दवाखान्यात जाऊन बघितलं का? मी बाजाराच्या पलीकडं गेले, तर तिथं ती दोघं आलीच नव्हती. भाऊ तिला दुसऱ्याच कुठल्या गावाला घेऊन गेला होता. कुठं ते मला आजही माहीत नाही.

शाळेच्या सिस्टर चांगल्या होत्या. माझ्याबरोबर बसून रडल्या. पण त्याही म्हणाल्या, घर तोडू नका, प्रार्थना करा. मी फादरांना म्हणाले, रविवारी ह्याच्यावर बोला. गावात घराघरात चाललंय, नावं घेऊ नका पण बोला. त्यांनी प्रवचन केलं. कुटुंबात शांती असावी ह्यावर. मी मागच्या बाकावरून पुढचे बाक बघत होते. एक मुलगा, एक मुलगी. एक मुलगा, एक मुलगी. दोन मुलगे. कसं काय बाबा सगळ्यांना मोजून मापून देव देतो, असं मनात आलं. ते मनात येणं पाप असेल तर असो. मी ते कन्फेशनमध्ये सांगितलेलं नाही.

दोन-अडीच वर्षांनी त्यांना मुलगा झाला. आईनं शाळेत फोन केला, बारशाला ये म्हणून. रडत होती, म्हणून गेले. नसते गेले तर बरं झालं असतं.

पुणे-नगर रस्त्याला सणसवाडीच्या फाट्यावर भलामोठा फ्लेक्स. त्यावर बाळ, डोळ्याला गॉगल लावलेलं. बाजूला तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे चेहरे, आणि खाली माझा भाऊ मोबाइल कानाला लावून उभा. वर लिहिलं होतं, युवराजांचे आगमन. त्याखालनं कंपनीची पोरं डबे घेऊन सेकंड शिफ्टला चालली होती.

मंगल कार्यालय घेतलं होतं. डीजेच्या भिंती इतक्या मोठ्यानं वाजत होत्या की पाळण्यातलं पोर दचकून दचकून रडत होतं, आणि माइकवरचा निवेदक सांगत होता, बाळराजे गाणं गातायत. दारात माझ्या दोघी भाच्या, एकसारखे चमचमते फ्रॉक घालून, येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी उडवत उभ्या होत्या. कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे. धाकटी म्हणाली, "आत्या, माझे पाय दुखतात." स्टेजवर मखमली खुर्च्यांची रांग होती, रिकामी.

मी दोघींना हाताला धरून वर नेलं आणि पहिल्या दोन खुर्च्यांवर बसवलं.

भाऊ पळत आला. "ह्या खुर्च्या पाव्हण्यांच्या हायत्या."

"पाहुणे आले की उठतील."

"लोक बघत्यात."

"बघू देत. ह्या घरात मुली पण आहेत हे त्यांना कळेल."

त्यानं दात आवळून धरले. माणसांपुढं काही करता येईना, म्हणून त्यानं निवेदकाच्या हातून माइक घेतला आणि सांगितलं, "ह्या आमच्या भगिनी, दौंडला इंग्लिश मिशनमधी टीचर हायत्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मराठी शिकवत होते. पुढारी आले तेव्हा आईनं येऊन पोरींना उतरवलं आणि मला म्हणाली, "तू आता जा, बाई." मी जेवले नाही. रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत उभी राहिले, आणि डीजे तिथंवर ऐकू येत होता.

त्यानंतर भाऊ आला तो नाताळात. तेव्हा मुलगा शाळेत घालण्याच्या वयाचा झाला होता. मोठी गाडी, हातात केकचं खोकं. "मेरी ख्रिसमस," म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ह्या वेळी तो क्रुसाकडं तोंड करून बसला.

"तुझ्या शब्दाला मान हाय तिथं," तो म्हणाला. "सिस्टरच्या कानावर घाल. पोराला इंग्लिश मिडियमला घ्यायचं. गाडी लावतो मी रोजची."

"तिघांना आण," मी म्हणाले. "मुलींना आधी."

"पोरींचं काय. झेडपीची शाळा दारात हाय."

"मग त्याला पण तिथंच घाल."

तो म्हणाला, "तू बदला घ्यायलीस."

"घेतेय," मी म्हणाले. "दोघी आत आल्या तर तिसऱ्यासाठी शब्द टाकीन. नाही तर नाही."

"लेकराचं नुकसान करतीस. तुमच्या देवाला चालतंय व्हय ह्ये?"

"तू माझ्या देवाची काळजी करू नकोस."

केकचं खोकं तिथंच टाकून गेला. मी ते शाळेच्या शिपायाच्या घरी दिलं.

त्यानं मुलाला हायवेच्या कडेला नव्यानं निघालेल्या शाळेत घातलं. पत्र्याची मोठी शेड, पुढं कारंजं, आणि पाटीवर सेंट लावलेलं एका संताचं नाव. आत एकही ख्रिस्ती माणूस नव्हता. त्या संताचं नाव तिथल्या कुणाला धड घेता येत नव्हतं, पण मुलांना टाय होता आणि आयांना तेवढं पुरत होतं. माझ्या संतांनी एवढी शतकं हालअपेष्टा सोसल्या त्या ह्या शेडच्या पाटीसाठी, असं मला त्या रस्त्यानं जाताना प्रत्येक वेळी वाटायचं. मुली झेडपीतच राहिल्या. थोरली पुढं शिरूरच्या कॉलेजात गेली, स्वतःच्या हिमतीवर.

आणि मग एक दिवस शाळा सुटता सुटता वहिनी आली. एकटी, एसटीनं. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. मुलांचा गलका ओसरेपर्यंत ती वर्गाच्या दारात उभी राहिली, मग शेवटच्या बाकावर बसली. मी पाणी दिलं. ती सगळं पाणी प्यायली आणि तिनं विचारलं,

"वन्सं, जे जल्मलंच न्हाई, त्याचं तुमच्यात काय करत्यात?"

"प्रार्थना करतात."

"नाव ठिवत्यात का?"

"आईनं ठेवलं तर ठेवतात."

"मला सपनात येती ती. तशी मोठी व्हत चाललीय. थोरलीसारखी उंच हाय." तिनं पदर नीट केला. "कुणाला सांगू. तिथं कुणाला सांगितलं तर येड लागलं म्हंत्याल."

मी तिला जवळ घेतलं नाही. मला ते जमलं नाही, आणि जमल्याचं नाटक करायची माझी इच्छा नव्हती. किल्ली मागणारा तिचा तो आवाज मी विसरले नव्हते. मी फक्त विचारलं, नाव काय ठेवायचं. तिनं सांगितलं. ते कधीपासून ठरलेलं होतं हे ती सांगताना अडखळली नाही ह्यावरून कळलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. मी फादरांना सांगून ठेवलं होतं. मिस्सेच्या सुरुवातीला त्यांनी इतर गेलेल्यांच्या नावांमध्ये ते नाव वाचलं, आडनावाशिवाय. वहिनी माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे तिला कळत नव्हतं, ती माझ्याकडं बघून करत होती. नाव आलं तेव्हा तिनं हात जोडले.

बाहेर पडताना पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी मला थांबवलं. "वह नाम किसका था? कौन गुजर गया?"

"माझी भाची," मी म्हणाले.

"कितने साल की थी?"

मी वहिनीला घेऊन शाळेच्या कट्ट्यावर आले. तिनं डबा आणला होता, मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी. आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवलो. थोरलीची परीक्षा जवळ आली, एवढं तिनं सांगितलं. मग मी तिला स्टँडवर सोडायला गेले. भावाला तिनं माहेरी जाऊन दिवेलागणीच्या आत येते असं सांगितलं होतं, म्हणून ती उजेडातच परत जायला निघाली. गाडी लागली तशी ती चढली, खिडकीजवळ बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.